घरकर्ज : एजंटमार्फत की थेट बँकेतून?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाली आहे, मोदकांचा वास आतपर्यंत येतो आहे आणि अशा वेळी समितीने मला व्याजदरावर बोलायला उभे केले आहे. विघ्नहर्त्यासमोरच विघ्न उभे करण्याचा हा प्रकार आहे. तेव्हा फार वेळ घेणार नाही.

विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच निवडलात. गेल्या वर्षी महाप्रसादाच्या रांगेत तिघांनी मला वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारला : "काका, होम लोन एजंटकडून करावं की थेट बँकेत जावं?" हातात पत्रावळ, समोर वाढपी, मागून रेटा. मी प्रत्येकाला एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा झालो. घरी आल्यावर लक्षात आले की तिघांना तीन वेगळी उत्तरे दिली होती आणि तरीही तिन्ही बरोबर होती. ते कसे, हे आज सांगायचे आहे.

माझी पात्रता सांगतो. एका राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ वर्षे याच शहरात, कर्ज विभागात. त्याच्या जोडीला माझ्या पदरी एक चूक आहे. तीही सांगणार आहे, कारण चौतीस वर्षांत जे कळले नाही ते त्या एका चुकीने कळले.

प्रथम हा एजंट कोण ते पाहू. बँकेच्या भाषेत त्याला 'डीएसए' म्हणतात, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट. आपल्या वडिलांच्या पिढीला हा प्राणी ठाऊक नव्हता. त्या काळी घर व्हायचे ते प्रॉव्हिडंट फंडातून, सोसायटीच्या कर्जातून किंवा घरातल्या दागिन्यांतून. एचडीएफसीची स्थापना १९७७ साली झाली. सामान्य पगारदाराने घरासाठी लांब मुदतीचे कर्ज काढावे ही कल्पना आपल्याकडे रुजली ती त्यानंतर. पुढे खासगी बँका आल्या, स्पर्धा वाढली, आणि गिऱ्हाइकाने शाखेची पायरी चढण्याची वाट पाहण्याऐवजी गिऱ्हाइकाच्या दारी माणूस पाठवण्याची पद्धत सुरू झाली. आता सरकारी बँकाही असे प्रतिनिधी नेमतात. त्यामुळे 'एजंट म्हणजे खासगीवाले' हा समज सोडून द्या.

या एजंटला पैसे कोण देते? बँक देते. कर्जाची रक्कम वाटप झाली की तिच्या ठरावीक प्रमाणात त्याला कमिशन मिळते. हे प्रमाण प्रत्येक संस्थेत वेगळे असते. हिशेबापुरता अर्धा टक्का धरला, तर ५० लाखांच्या कर्जावर २५ हजार रुपये होतात. यातून तीन गोष्टी निघतात. एक, त्याने तुमच्याकडून वेगळी फी मागण्याचे कारण नाही. दोन, कर्ज झाले नाही तर त्याला काहीच मिळत नाही, म्हणून तो तुमच्यासाठी धावतो. तीन, जी संस्था जास्त कमिशन देते तिकडे त्याचे मन ओढ घेणार. तो वाईट माणूस आहे असे नाही. मंडईतला भाजीवालाही ज्या भाजीत जास्त सुटते तीच आधी दाखवतो.

आता तुम्ही म्हणाल, मग थेट बँकेत गेलो तर ते २५ हजार माझे वाचतील. इथे बहुतेकांची गफलत होते. साधारणपणे ते वाचत नाहीत. बँकेचा दर ठरतो तो तुमचा क्रेडिट स्कोअर, कर्जाची रक्कम, तुम्ही पगारदार की व्यावसायिक, यांवरून. एजंटचे कमिशन हा बँकेचा खर्च आहे. तुम्ही स्वतः गेलात म्हणून ती रक्कम बँक तुमच्या हातावर ठेवत नाही. फार तर मागितल्यास प्रोसेसिंग फीमध्ये सूट मिळते, आणि ती सूट चांगला एजंटही मिळवून देतो. म्हणजे 'थेट ते स्वस्त' हे किराणा मालाचे गणित इथे चालत नाही.

मग फरक कशात आहे? दोन उदाहरणे देतो. एकात एजंटने घात केला. दुसऱ्यात मी केला.

पहिले उदाहरण आपल्यातल्याच एका जोडप्याचे. दोघेही आयटीत, दोघांनाही उत्तम पगार. २०१६ साली घर घेतले. एजंट रात्री नऊ वाजता घरी यायचा, कागद न्यायचा, चहा घ्यायचा. "मॅडम, तुम्ही फक्त सह्या करा, बाकी मी भरतो," असे म्हणाला. यांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. त्याने तीच फाइल एकाच आठवड्यात पाच ठिकाणी लावली. कर्जाचा अर्ज गेला की ती संस्था तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद तुमच्या नावावर राहते. थोड्या दिवसांत अशा पाच नोंदी झाल्या की स्कोअर खाली येतो आणि पुढच्या बँकेला वाटते, हा माणूस पैशासाठी वणवण करतो आहे. शेवटी कर्ज झाले ते एका हाउसिंग फायनान्स कंपनीत, त्या वेळी बँकांत मिळत असलेल्या दरापेक्षा अर्धा टक्का जास्तीने. शिवाय कर्जाला जोडून दोन लाखांचा एकरकमी विमा, आणि तोही कर्जातच मिळवलेला.

अर्धा टक्का म्हणजे किती? ५० लाखांचे कर्ज, २० वर्षांची मुदत. साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो ४३,३९१ रुपये. नऊ टक्क्यांनी ४४,९८६. महिन्याला १,५९५ रुपयांचा फरक. दर बदलला नाही असे धरले तर वीस वर्षांत तो ३ लाख ८२ हजारांवर जातो. आणि तो दोन लाखांचा विमा? कर्जात मिळवल्यामुळे साडेआठ टक्क्यांनीही त्याचे वीस वर्षांत सुमारे ४ लाख १६ हजार भरावे लागतात. एजंटने प्यायलेला चहा बराच महाग पडला.

ते माझ्याकडे आले २०२० मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. शेजाऱ्यांचे हप्ते उतरले होते, यांचा जागचा हलला नव्हता. कारण असे : १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची घरकर्जे बाहेरच्या मानकाशी, म्हणजे बहुधा रेपो दराशी, जोडावी लागतात. दर तीन महिन्यांतून किमान एकदा तो दर ताजा करावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मानकावर चालतो. हा फरक त्या जोडप्याला चार वर्षांत कुणी सांगितला नव्हता. एजंटला फोन केला तर नंबर दुसऱ्याच कुणाचा झालेला. कर्ज बँकेत हलवून घेतले. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, म्हणून ते जमले. विम्याचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

ही गोष्ट ऐकून 'थेट बँकेत जा' असे मी सगळ्यांना ठणकावून सांगू लागलो असतो, तर नवल नव्हते. पण त्याआधी, २०१८ मध्येच, माझी दुसरी गोष्ट घडून गेली होती.

माझा भाचा बेळगावहून इथे आला. इंटीरियरची कामे घेतो. स्वतःचा व्यवसाय, पगाराची चिठ्ठी नाही. व्हाइटफील्डच्या बाजूला त्याने एक जुना फ्लॅट पाहिला. दोन लाख विसार, साठ दिवसांत व्यवहार पुरा करायचा, नाही तर विसार बुडाला, असे साठेखत ठरत होते. शेजाऱ्यांच्या ओळखीचा एक एजंट घरी आला. कानडी माणूस, वयाने माझ्या मुलाएवढा. कागद दहा मिनिटे चाळले आणि म्हणाला, "सर, खाता 'बी' आहे. सरकारी बँक घेणार नाही. एखादी फायनान्स कंपनी देईल, पण दर बराच जास्त पडेल. माझं ऐका, विसार देऊ नका."

इथे नव्या आलेल्यांसाठी थोडे सांगतो. बेंगळुरूत महानगरपालिकेच्या मालमत्ता नोंदीला 'खाता' म्हणतात. मंजुरी, बिनशेती, आराखडा सगळे नियमात असलेल्या मालमत्ता 'ए' खात्यात. ज्यांच्यात काही उणीव आहे पण कर वसूल करायचा आहे, त्या 'बी' नोंदवहीत. 'बी' खात्याची करपावती मिळते म्हणून घर नियमित झाले, असे होत नाही. २०२४ पासून शहरात विक्रीच्या नोंदणीला ई-खाता लागतो. त्यामुळे आता ही गोष्ट आधीच उघड होते. तेव्हा कागदांच्या गठ्ठ्यात ती दडून राहायची, आणि गठ्ठा कानडीत.

मला काय वाटले? हा भीती घालतो आहे. जास्त कमिशनच्या कंपनीकडे ढकलण्याची ही जुनी युक्ती. मी भाच्याला म्हणालो, "त्याच्या नादी लागू नकोस. सरळ बँकेत जा. तिथला मॅनेजर माझ्या हाताखाली शिकलाय." भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणता तर तसं." आणि त्याने दोन लाख दिले.

मॅनेजरने मला चहा पाजला, फाइल घेतली. व्यवसायाचे उत्पन्न म्हणून तीन वर्षांची विवरणपत्रे, ताळेबंद, जीएसटीचे कागद झाले. फाइल शाखेतून कर्ज मंजुरीच्या मध्यवर्ती कक्षात गेली. तिथून मूल्यांकनाला, तिथून बँकेच्या वकिलाकडे. सत्तेचाळिसाव्या दिवशी वकिलाचा अहवाल आला : मालमत्ता 'बी' नोंदवहीत, कर्ज देऊ नये. उरले तेरा दिवस. तेवढ्यात दुसरीकडे काही होणे शक्य नव्हते. विकणाऱ्याने साठेखतावर बोट ठेवले. तो नियमाने बरोबर होता. दोन लाख गेले.

मी चौतीस वर्षांचा बँकवाला, मला हे का कळले नाही? यावर मी खूप विचार केला. माझ्या टेबलावर फाइल यायची ती वकिलाच्या अहवालासकट. अहवालाच्या आधी काय होते, कुठली फाइल दारातच परत जाते, हे मी पाहिलेच नव्हते. तो पोरगा दर महिन्याला अनेक संस्थांचे नकार पाहत होता. मला माझ्या बँकेचे मंजुरीचे नियम पाठ होते. त्याला सगळ्या बँकांचे नकार पाठ होते. घर घेणाऱ्याला पहिल्या दिवशी गरज असते ती दुसऱ्या ज्ञानाची.

भाच्याला मी दोन लाख देऊ केले. तो घेत नाही. "मामा, शिकवणीची फी समजा," म्हणतो. विषय निघाला की मी अजून पाण्याचा तांब्या शोधतो. पुढच्या वर्षी त्याने 'ए' खात्याचा फ्लॅट घेतला. कर्ज सरकारी बँकेचेच, पण फाइल त्याच एजंटने केली, एकाच ठिकाणी लावली आणि मुदतीच्या आत केली. त्या वेळी माझे काम एवढेच होते : मंजुरीपत्र ओळ न ओळ वाचणे. ते मला येते.

तर मंडळी, माझ्या मते खरा प्रश्न एजंट की बँक हा नाही. आपली अडचण कुठे आहे, हे आधी ओळखायचे. अडचण नसेल तर मध्यस्थ कशाला? असेल तर ती रोज पाहणारा माणूस हवा. पण वाट कुठलीही धरा, कागद वाचण्याचे काम कुणाला देता येत नाही.

थेट बँकेत कुणी जावे? जो पगारदार आहे, ज्याचा पगार त्याच बँकेत जमा होतो, ज्याचा स्कोअर चांगला आहे, ज्याने निवडलेला प्रकल्प रेरात नोंदलेला आहे आणि त्या बँकेने आधीच तपासून घेतलेला आहे, आणि ज्याच्या हातात वेळ आहे. अशाने दोन-तीन बँकांत स्वतः जाऊन दर विचारावेत. विचारणे आणि अर्ज करणे यांत फरक आहे. तोंडी विचारल्याने स्कोअरला धक्का लागत नाही. सही केलेला अर्ज मात्र एका वेळी एकाच ठिकाणी द्यावा.

एजंटचा विचार कुणी करावा? ज्याचा व्यवसाय आहे, ज्याचे उत्पन्न तीन-चार ठिकाणांहून येते, ज्याने जुने घर घेतले आहे, ज्या मालमत्तेत वाटणी, वारसा, कुलमुखत्यारपत्र असे काही आहे, ज्याच्या साठेखताला मुदत आहे, किंवा जिथे नवराबायको दोघांनाही कामाच्या दिवशी सुटी मिळत नाही. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना आणखी एक अडचण असते ती भाषेची. कानडी खरेदीखत, मूळ दस्त, भार प्रमाणपत्र, ज्याला इथे सगळे 'ईसी' म्हणतात, हे आपल्याला नीट वाचता येत नाही. तिथे जाणकार एजंटचा आधार होतो. पण लक्षात ठेवा, एजंटचे वाचन कर्ज होण्यापुरते असते. बँकेच्या वकिलाचे वाचनही बँकेचे पैसे सुरक्षित राहण्यापुरते असते. तुमच्यासाठी वाचणारा वकील वेगळा करावा, कानडी येणारा, आणि तो विसार देण्याआधी. ती फी विसाराच्या मानाने काहीच नसते.

एजंट निवडलात तर काय काय पाहावे, ते आता सांगतो. बायकांनी लिहून घ्यावे. पुरुष घरी जाईपर्यंत विसरतात.

पहिली गोष्ट, तो कोणत्या बँकांचा नेमलेला प्रतिनिधी आहे ते विचारा आणि शाखेत फोन करून खात्री करा. त्याच्याकडे एकाच संस्थेचे काम असेल तर तुलना तो करणार नाही, ती तुम्हालाच करावी लागेल. रिझर्व्ह बँकेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बँकेने काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते. म्हणून तो खरोखर बँकेचा आहे ना, हे कळणे महत्त्वाचे.

दुसरी, अर्ज स्वतः भरा किंवा भरलेला वाचून मगच सही करा. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. प्रत्येक झेरॉक्सवर 'अमुक बँकेच्या गृहकर्जासाठीच' असे लिहून तारीख घाला.

तिसरी, पैसे फक्त बँकेच्या नावाने द्या. त्याच्या हातात रोख नको, त्याच्या वैयक्तिक खात्यात नको. ओटीपी आणि नेट बँकिंगचा पासवर्ड तर देवालाही सांगायचा नाही.

चौथी, "पगार थोडा वाढवून दाखवू, विवरणपत्र जरा ठीक करू," असे तो म्हणाला तर त्याच क्षणी त्याला नमस्कार करा. खोट्या कागदाखाली सही तुमची असते. उद्या पोलीस विचारतील ते तुम्हाला.

आणि आता दोघांसाठी, थेट जाणाऱ्यांसाठीही आणि एजंटवाल्यांसाठीही, सगळ्यांत मोठे शस्त्र. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी बँकेला आणि फायनान्स कंपनीला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे लागते. त्यात व्याज, सगळे आकार आणि ते धरून येणारा वार्षिक दर एकाच ठिकाणी असतो. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते असावे असा नियम आहे. त्यात न दाखवलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. दोन ठिकाणची ही पत्रके शेजारी ठेवा आणि वार्षिक दराची ओळ पाहा. कमी व्याज आणि जास्त फी, की जास्त व्याज आणि शून्य फी, याचे उत्तर तिथे मिळते. जाहिरातीच्या फलकावर मिळत नाही.

मग चार प्रश्न विचारा. माझा दर कशाला जोडला आहे, रेपोला की तुमच्या स्वतःच्या मानकाला? त्यावर तुमचा 'स्प्रेड' किती? वकील, मूल्यांकन, गहाणाची नोंद, प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून एकूण खर्च किती? आणि हा विमा बंधनकारक आहे असे लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. कर्ज डोक्यावर असताना कमावत्या माणसाचा विमा हवाच, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण तो स्वतः तुलना करून वेगळा घ्यावा. न समजता गळ्यात पडलाच, तर आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

आणखी एक हिशेब. घराच्या किमतीचा ठरावीक भागच कर्ज म्हणून मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी सहसा या किमतीत धरत नाहीत. "शंभर टक्के कर्ज करून देतो," असे कुणी म्हणाले तर उरलेले पैसे तो कुठल्या नावाने उभे करतो आहे, ते विचारा. बहुधा ते महागडे वैयक्तिक कर्ज निघते.

कर्ज मिळाले, पेढे वाटले. त्या दिवशी एजंटचे काम संपते. तुमचे वीस वर्षांचे तिथून सुरू होते. रेपो दर मे २०२२ पासून वाढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि २०२५ मध्ये उतरत जूनपर्यंत साडेपाचवर आला. दर वाढले तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. काहींची तर निवृत्तीच्या पुढे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडू द्यावे. ती निवड मागून घ्या. ज्यांचे कर्ज २०१९ च्या आधीचे आहे त्यांनी आपला दर कुठल्या जुन्या पद्धतीवर अडकला आहे ते पाहावे. पुष्कळदा आहे त्याच बँकेत थोडी फी भरून रेपोच्या पद्धतीत जाता येते. हे बँक आपणहून सांगत नाही, कारण तिचे व्याज कमी होते. एजंटही सांगत नाही, कारण त्यात त्याला कमिशन नाही. तो दुसऱ्या बँकेत हलवायला सांगेल, त्यात आहे. म्हणून तुम्हीच विचारायचे.

तक्रार असेल तर आधी बँकेला लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत. आणि कर्ज फिटले की घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आता त्या रांगेतल्या तिघांचे सांगतो आणि थांबतो. पहिला पगारदार होता, प्रकल्प त्याच्याच बँकेने तपासलेला. त्याला म्हणालो, "शाखेत जा." दुसऱ्याचा केटरिंगचा व्यवसाय, हातात पंचेचाळीस दिवस. त्याला म्हणालो, "चांगला एजंट गाठ, पण कागद मला दाखव." तिसरा विसार द्यायला निघाला होता आणि खाता कोणता ते त्याला माहीत नव्हते. त्याला म्हणालो, "दोन्हीकडे जाऊ नकोस, आधी वकिलाकडे जा." तो थोडा रागावला. यंदा तो सहकुटुंब समोर बसला आहे, तेव्हा राग गेला असावा.

आपण गाव सोडून इथे आलो. इथल्या मातीत चार भिंती उभ्या करायच्या तर आयुष्याची कमाई त्यात जाते. भाच्याचे दोन लाख गेले ते माझ्या अहंकारापायी, आणि ज्याने खरे सांगितले त्याला मी लबाड ठरवले होते. गजानन बुद्धीची देवता आहे. कर्ज घेताना ती बुद्धी खिशात ठेवू नका, आणि माझ्यासारख्या काकांवर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका.

मोदक निवत आहेत. गणपती बाप्पा मोरया!